सात ओकांची सालपटं

"लिही," लॅम्बर्ट भावोजी म्हणाले. "लॅम्बर्ट फ्रूम हे नाव ऐकताच दक्षिण इंग्लंडातल्या गुन्हेगारांच्या तोंडचं पाणी पळतं. उंची मध्यम, बुद्धी उत्तुंग. नजर अशी की बंद पाकिटातलं पत्र बाहेरून वाचावं."

"चष्मा कपाळावर आहे तुमच्या," मी म्हटलं. ते मघापासून टेबलाखाली चष्मा शोधत होते.

"ते लिहू नकोस. पुढे लिही. एकतीस वर्षं पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचता वाचता त्यांनी मनुष्यस्वभावाचाही अखंड अभ्यास केला. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही."

"आमचा मीटर बंद आहे दोन वर्षं."

"तेही लिहू नकोस."

तर हे आमचे भावोजी. माझी थोरली बहीण विनी हिचे यजमान. माझे हे गेले तेव्हा ताई म्हणाली, मॉड, एकटी काय राहतेस, इकडे ये. आले. ताईनं मला वरची खोली दिली आणि खोलीबरोबर नवराही माझ्या गळ्यात मारला. ती स्वतः सकाळी खुरपं घेऊन बागेत जाते ती भावोजी झोपायला गेले की घरात येते. त्यामुळे निवृत्तीनंतर भावोजींनी गुप्तहेरगिरी काढली, तेव्हा मदतनीस कोण हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही. आजवर आम्ही एकच प्रकरण सोडवलंय. त्यात हरवलेली मांजर सापडली होती. ती हरवली नव्हती, पण सापडली हे खरं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिसेस थ्रेडगोल्ड घरी आल्या. ह्या आमच्या लिटल पॉडबरीच्या पंचायतीच्या चेअरमनबाई. बसल्या नाहीत, टोपीही काढली नाही.

"लॅम्बर्ट," त्या म्हणाल्या, "कोणीतरी आपले ओक मारतंय."

हे सात ओक म्हणजे गावाचा जीव. आमच्या शिवेवर, म्हणजे आमचं गाव संपून ग्रेट पॉडबरी सुरू होतं तिथे, पूर्वी एक म्हातारा ओक होता आणि सहा दगड. दगड कोणी कोणी बागेत नेले, कोण ते आम्हाला माहीत आहे, आणि ओक वादळात पडला. त्या पडलेल्या ओकाची बोंडं डन्स्टन पिमनं गोळा केली, फुटक्या किटल्यांमध्ये रुजवली, आणि सात रोपं शिवेवर सात जागी लावली. डन्स्टन म्हणजे गावचं गवत कापणारा. सहा फूट चार इंच उंच, आणि वर्षाकाठी साधारण तितकेच शब्द बोलतो. स्मशानाच्या भिंतीला लागून पंचायतीची एक झोपडीवजा कॉटेज आहे, तिथे तो आणि त्याची शहाऐंशी वर्षांची आई राहतात. नोकरी आहे तोवर घर, असा कायदा.

आम्ही शिवेवर गेलो. भावोजींच्या हातात त्यांची लाडकी विलोची छडी होती. ती ते हल्ली जेवतानाही खाली ठेवत नसत. झाडं आता चांगली मनगटाएवढी झाली होती, पानं हिरवीगार, पण खोडांची दशा बघवत नव्हती. साल काळी पडून आत बसलेली, जागोजागी उभ्या भेगा, भेगांतून तपकिरी पाणी झिरपून खाली ओघळ वाळलेले. मी एका जागी बोट दाबलं तर आत पोकळ लागलं आणि तळहाताएवढं सालपट हातात आलं. खालचं लाकूड उघडं पडलं.

डन्स्टन तिथेच होता. गुडघ्यावर बसून सुरीच्या टोकानं सुटलेली साल अलगद कापून जखमेची कड सारखी करत होता.

"जगतील का रे?" मी विचारलं.

"पाच जगतील," तो म्हणाला. "दोनाचं सांगता येत नाही." आणि परत कामाला लागला.

भावोजींनी भिंग काढलं. पहिल्या झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीत खड्ड्यात पाय गेला. मग उठून म्हणाले, "मॉड, लिही. खुणा दोन उंचींवर आहेत. एक ओळ जमिनीपासून चार फुटांवर, दुसरी अडीच फुटांवर. आणि सगळ्या पायवाटेच्या बाजूला. यावरून काय सिद्ध होतं?"

"काय?"

"गुन्हेगार दोन आहेत. एक उंच, एक बुटका. आणि दोघांना पायवाट आवडते."

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. आमचे भावोजी सुतासाठीही थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांचा निष्कर्ष निघाला: हरीण. नर हरणं शिंगं घासायला कोवळी झाडं शोधतात हे खरंच आहे, त्यामुळे मलाही क्षणभर वाटलं की यावेळी जमलं यांना. चार फुटांवर बाप, अडीच फुटांवर पाडस, शिंगं कशी घासावी हे बाप शिकवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचपासून भावोजी तपकिरी गोधडी पांघरून कुरणात पडून राहिले. हरीण आलं नाही. ग्रेट पॉडबरीचा गुराखी आला, त्यानं त्यांना मेलेलं वासरू समजून जनावरांच्या डॉक्टरला फोन केला.

"हरणानं घासलं की सालीच्या दोऱ्या लोंबतात," डन्स्टन मला हळूच म्हणाला. "इथे नाहीत."

मी हे भावोजींना सांगितलं.

"गवत कापणाऱ्याचं मत मी विचारलं होतं का?" ते म्हणाले. आणि त्यांनी हरीण खोडलं.

मग आली खार. राखाडी खारी कोवळ्या झाडांची साल सोलतात, हेही खोटं नाही. मात्र खार म्हटलं की दातांच्या खुणा हव्यात. "तुलना करायला नमुना पाहिजे," भावोजी म्हणाले, "पण खार कोणी देईना."

"मग?"

"मग मी स्वतः चावतो. माझ्या दातांची खूण आणि ही खूण यांतला फरक काढला की खारीचा दात उरेल. साधं वजाबाकीचं गणित."

"भावोजी, लोक बघतायत."

कोणीही बघत नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी पाचव्या ओकाला मिठी मारली आणि एक धडधाकट, न दुखावलेली जागा बघून चावा घेतला. ओक आठ वर्षांचा असला तरी ओक आहे. भावोजी मागे आले, वरची कवळी आली नाही. ती काढायला मला बटर लावायची सुरी वापरावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे टोस्टला कोणी लोणी लावून घेत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. तीन दिवसांनी भावोजी धापा टाकत घरी आले. "मॉड, नवा हल्ला. पाचव्या झाडावर. दातांच्या ताज्या खुणा. माणसाच्या आकाराचं जनावर आहे, आणि त्याला डावीकडची दाढ नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी जीभ डावीकडे फिरवली आणि म्हणाले, "ही ओळ वहीतून काढून टाक."

त्यानंतर ग्रेट पॉडबरीवर संशय घेऊन झाला. ते गाव आमच्या एक तृतीयांश आहे आणि नाव मात्र ग्रेट, हा राग जुना. भावोजी वेष पालटून, म्हणजे टोपी उलटी घालून, त्यांच्या पबमध्ये चौकशीला गेले. दुपारी त्यांना हातगाडीवरून घरी आणलं. चौकशीत एवढंच निष्पन्न झालं की त्यांची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, आमच्यापेक्षा चांगली आहे. हे मात्र त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं.

आता हसण्यासारखं इथपर्यंत होतं. कारण मिसेस थ्रेडगोल्ड परत आल्या आणि म्हणाल्या, येत्या गुरुवारी पंचायतीची बैठक आहे, गाव विचारतंय, लॅम्बर्ट, नाव हवं. माणसाला नाव हवं असलं आणि नाव सापडत नसलं, की तो हाताशी असेल ते उचलतो. भावोजींनी रात्रीत अहवाल लिहिला आणि सकाळी नाश्त्याला मला वाचून दाखवला. दोषी: डन्स्टन पिम. हत्यार: गवत कापायचं मशीन. कोवळ्या झाडांची खोडं या मशीनच्या गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीनं सोलली जातात, हे प्रत्येक माळ्याला ठाऊक आहे.

"ती घोट्याशी सोलली जातात," मी म्हटलं. "चार फुटांवर नाही."

"तो उंच आहे."

"आणि अडीच फुटांवर?"

"थकला की गुडघे टेकतो."

"भावोजी, त्या झाडांभोवतीचं गवत तो मशीननं कापतच नाही. विळ्यानं कापतो. खाली बसून, हातानं. मी पाहिलंय."

"बघ, म्हणजे त्याला मशीनचा धोका माहीत होता," ते म्हणाले. "ज्ञान हा पहिला पुरावा."

मला राग आला. मी वही मिटली आणि बागेत ताईकडे गेले. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यांचं डोकं म्हणजे यांचाच मीटर. बंद आहे, पण भिंतीवर आहे." मग तिलाही वाईट वाटलं असावं, कारण नंतर तिनं एकाच जागी चारदा खुरपलं. डन्स्टनची नोकरी गेली की महिन्याभरात घर गेलं. शहाऐंशी वर्षांच्या बाईला चाकांच्या खुर्चीत घालून तो कुठे नेणार होता?

गुरुवारी संध्याकाळी सहाला गावच्या हॉलमध्ये एवढी गर्दी झाली की बिस्किटं मोजून वाटावी लागली. डन्स्टननं नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचं पाणी ठेवलं होतं. स्वतःच्या फाशीचे खांब रोवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याची आई पुढच्या ओळीत, मांडीवर शाल, हातात चहा. पिम आजीला ऐकू बेताचंच येतं, पण बैठक आहे आणि केक आहे एवढं तिला कळलं होतं. पाद्रीबाई हिलरी तिच्या शेजारी.

भावोजी उभे राहिले. त्यांनी भिंतीवर खोडांचे मोठे फोटो लावले होते, आणि हातातल्या छडीनं ते एकेक खूण दाखवत होते.

"ही पाहा जखम," ते म्हणाले आणि छडी फोटोवर टेकवली. "लांबट, तिरपी, साधारण अंगठ्याएवढी रुंद. ही दुसरी. ही तिसरी. प्रश्न असा की अंगठ्याएवढी रुंद, लवचिक, लांब अशी कोणती वस्तू असेल की जी..."

छडी फोटोतल्या जखमेवर बरोबर बसली होती. अगदी कडेला कड. मागच्या ओळीत कोणीतरी खोकलं.

"...की जी फक्त डन्स्टन पिमच्या ताब्यात असते?" भावोजींनी वाक्य पूर्ण केलं.

मिसेस थ्रेडगोल्डनी चष्मा पुसला. "डन्स्टन, तुला काही सांगायचंय?"

"नाही, बाई."

"मग मतदान घेऊ. डन्स्टन पिम यांना कामावरून..."

तेव्हा मी उठले. का उठले ते मला सांगता येणार नाही. पंधरा दिवस मी वहीत प्रश्न लिहून घेत होते: तू कुठे होतास, बूट किती नंबरचा, खारींशी संबंध कसे. एक प्रश्न त्यात नव्हता.

"डन्स्टन," मी म्हटलं, "हे कोणी केलं, ते तुला माहीत आहे का?"

"हो," तो म्हणाला.

हॉलमध्ये चमचा पडला तरी ऐकू आला असता. पडलाच एक.

"मग सांग की बाबा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यानं टोपी हातात घेतली आणि टोपीकडेच बघत बोलायला लागला. "शिवेच्या दिवशी झालं ते. आपण सगळे गेलो होतो ना, मे महिन्यात. दगडांना मारायचो तसं झाडांना मारलं. आजवर खोडांभोवती रोपं जपायच्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या, नुसता आवाज व्हायचा, लागायचं नाही. या जानेवारीत खोडं नळ्यांत मावेनात म्हणून मी त्या काढल्या. मे महिन्यात रस चढलेला असतो, साल आतून सैल असते. हलकं लागलं तरी सुटते. वर दिसायला महिना जातो."

इतकं तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यालाच धाप लागली.

तुम्हाला सांगते, सहाशे वर्षं आमचं गाव येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी शिवेवरून मिरवणूक काढतं. पाद्री पुढे, गाव मागे, प्रत्येकाच्या हातात विलोची ओली छडी. शिवेची खूण आली की प्रार्थना म्हणायची आणि खुणेला झोडपायचं, म्हणजे शीव कुठे आहे ते गावाच्या लक्षात राहावं. त्रेसष्ट माणसं होतो आम्ही त्या वर्षी. त्रेसष्ट माणसांनी सात कोवळ्या झाडांना भक्तिभावानं बडवलं, त्यावर सँडविच खाल्ली, आणि महिन्याभरात सगळे साफ विसरलो.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पाद्रीबाई आपल्या बुटांची तपासणी करायला लागल्या. मिसेस थ्रेडगोल्डच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना, कारण दुसऱ्या झाडापाशी "अहो, जरा जोर लावा, प्रार्थना आहे ही" असं त्याच म्हणाल्या होत्या. मी स्वतः प्रत्येक झाडाला तीन मारल्या होत्या. भावोजींनी हातातली छडी हळूच पाठीमागे लपवली. ती शिवेच्याच दिवसाची होती. त्यांना तिची पकड आवडली होती.

"आणि अडीच फुटांवरच्या?" त्यांनी तरी विचारलंच. "त्या कोणाच्या?"

डन्स्टन टोपीची शिवण चाचपायला लागला.

"काय म्हणतोय तो?" पिम आजीनं विचारलं.

पाद्रीबाई तिच्या कानाशी वाकल्या. "आजी, शिवेच्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसून झाडांना मारलंत ना, त्याच्या खुणा आहेत."

"माझ्या?" आजीनं मान वळवून फोटो पाहिले. "त्या खोल खोल आहेत त्या?"

"हो, आई," डन्स्टन म्हणाला. "सगळ्यात खोल तुझ्या आहेत."

आजी खुर्चीत ताठ बसली आणि तिनं पूर्ण हॉलवर एकदा नजर फिरवली. तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

ठराव मागे घेतला गेला. तो मांडणारा कोण, अनुमोदक कोण, हे इतिवृत्तात लिहू नये असा दुसरा ठराव एकमतानं पास झाला. माफी कोणी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी डन्स्टनच्या दारात अकरा बरण्या जॅम आणि एक भोपळा मिळाला. पिम आजीला मात्र गुरुवारी रात्रीच पाद्रीबाईंनी शांतपणे, मोठ्या आवाजात, सगळं समजावून सांगितलं. कोणाचं घर जाणार होतं आणि कोणाच्या अहवालामुळे. आजीनं भावोजींचं नाव दोनदा विचारून घेतलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी कप विसळायला आत गेले. डन्स्टन पुसत होता.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"हो."

"घर गेलं असतं रे. तरी बोलला नसतास?"

त्यानं एक कप पुसला, ठेवला, दुसरा घेतला. "आई तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी बाहेर पडली होती, मॉडबाई. घरी येऊन दोन तास हसत होती. मी तिला कसं सांगणार, की तू झाड मारलंस म्हणून?"

मी उगाच धुतलेले कप परत धुतले, आणि त्यानं ते परत पुसले.

सातही झाडं वाचली. ज्या दोनाचं सांगता येत नव्हतं त्यांच्या जखमांच्या कडांनाही वर्षभरात नवी साल धरली, जाड ओठासारखी. मे महिना आला तसा गावाला पेच पडला. सहाशे वर्षांची रीत मोडायची नाही, आणि झाडाला हात लावायचा नाही. पाद्रीबाईंनी तोडगा काढला: झाडाशेजारचं गवत थोपटायचं. पहिल्या ओकापाशी गावानं बाळ निजवावं तसं गवत थोपटलं. पिम आजीनं थोपटलं नाही. तिनं छडी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "हे काय मेलं. पूर्वी शिवेवर माणसांना मारायचे, म्हणजे त्यांच्या लक्षात राहायचं. माझ्या आजोबांना मारलं होतं."

गाव गवत थोपटत राहिलं.

आणि मग आमचे भावोजी पुढे झाले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कोट काढून ताईच्या हातात दिला, आजीच्या खुर्चीसमोर गेले, पाठ वळवली आणि ओणवे झाले. एक शब्द बोलले नाहीत. मला लिहायलाही सांगितलं नाही. सात झाडं, सात ठिकाणी ते असे उभे राहिले, प्रत्येक ठिकाणी आजीची छडी चालली, आणि सातव्या ठिकाणी डन्स्टननं आईचा हात धरला.

"पुरे आता, आई. लागत असेल त्यांना."

"लागू दे," आजी म्हणाली, आणि हात सोडवून घेतला. "झाड बोलत नाही. हा बोलेल तेव्हा थांबते."